खोटा सांगावा

१८ जून, कमलनगर

डॉक्टरीणबाईंनी वही ठेवायला सांगितली. रोज ताप किती, सांधे कोणते दुखले, तोंडातले फोड कमी की जास्त, बस्स एवढंच लिहायचं. एवढंच लिहायचं तर दोनशे पानी वही कशाला? तेव्हा मी मला पाहिजे ते लिहिणार आहे आणि त्यांना दाखवताना पाहिजे तेवढंच दाखवणार आहे.

ताप शंभर. सांधे : दोन्ही हातांची बोटं, मनगटं. फोड चार, त्यातला एक ओठाच्या आत, नेमका शिट्टी धरायच्या जागी.

म्हणजे मुद्द्याचं हे, की कमलनगर-भालकी-बीदर गाडीची कंडक्टर ज्योत्स्ना हिला पंधरा दिवस झाले शिट्टी वाजवता येत नाही. एक शिट्टी थांब, दोन शिट्ट्या चल, यावर आमच्या ड्रायव्हर अंकुशअण्णांची गाडी चालते. पंधरा दिवस मी पत्र्यावर थापा मारून गाडी हाकली, तर मनगटं सुजली. तिकिटाच्या मशीनचं बटण दाबलं की अंगठ्यातून कळ निघते. वर नाकावरून दोन्ही गालांवर पसरलेला लाल चट्टा. बायका सरकारनं दिलेलं फुकटचं तिकीट घेताना तिकिटाकडं कमी, माझ्या गालांकडं जास्त बघतात. परवा एकीनं विचारलं, "अक्का, नायटा हाय का वो?" म्हणलं, "व्हय, तिकिटासंगं फुकट द्यायलाव. घेतीस का?" शेजारची सीट तेवढ्यात रिकामी झाली.

आज कलबुर्गीला जाऊन आजाराचं नाव घेऊन आले. ल्युपस. डॉ. सुधारानी कन्नडमधून बोलतात, मी मराठीतून लिहिते. त्या म्हणाल्या, अंगात विषाणू शिरला की पेशी काही रेणू सोडतात. त्यातला एक इंटरफेरॉन. तो बाकीच्या पेशींना सांगत सुटतो की शत्रू आला, तयार व्हा. काम झालं की गप्प होतो. तुमच्यात तो गप्पच होत नाही. मरून पडलेल्या आपल्याच पेशींचा कचरा बघून शरीराला वाटतंय विषाणू आला, आणि निरोप फिरतोच आहे. मग तुमची फौज तुमच्याच सांध्यांवर, कातडीवर चालून जाते. आता किडनीकडं निघाली आहे.

मी म्हणाले, "म्हणजे सांगावा खोटा आहे?"

त्यांना सांगावा हा शब्द माहीत नव्हता. माणसाबरोबर तोंडी धाडलेला निरोप, असं समजावलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "बरोबर. सांगावा खोटा, मारामारी खरी."

दोन गोळ्या दिल्या आहेत. एक सूज उतरवायची. दुसरी जुनी, हिवतापावरची, सांगावा जिथून निघतो तिथंच त्याला दाबणारी. तिचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात. आजार जन्मभराचा, पण ताब्यात ठेवता येतो म्हणाल्या. लघवीतून प्रथिन जातंय, दिवसाला साडेचारशे मिलिग्रॅम. पाचशेच्या वर गेलं तर सुई घालून किडनीचा तुकडा काढून बघायचा, मग मोठी औषधं, मग गाडीवरची ड्युटी विसरा. डेपोनं मला नोव्हेंबर संपेपर्यंत टेबलावर बसवलंय. तोवर तब्येतीचा चांगला कागद आणला नाही तर कायमचं टेबल.

मी टेबलावर बसायला कंडक्टर झाले नाही.

२० जून

अप्पांनी गोळ्यांसोबतचा बारीक अक्षरातला कागद भिंग लावून पुरा वाचला. माझे वडील, निवृत्त मास्तर, छापलेलं काही सोडत नाहीत. वाचून चष्मा काढला. "प्रतिकारशक्ती कमी करती म्हणं ही गोळी. ज्योत्स्ना, प्रतिकार कमी करायची गोळी? आपण हाव ते कशानं हाव?"

मी हसले, मग हसू आटलं. बाबासाहेबांच्या फोटोखाली भिंतीवर अप्पांनी शाळेच्या उरलेल्या निळ्या रंगानं स्वतः लिहिलंय, "प्रतिकार हाच आपला श्वास". मी अक्षरं शिकले ती त्या ओळीवर. माय वाचायला शिकली नाही, पण त्या ओळीतला पहिला शब्द ती बोट ठेवून दाखवते. या घरात हा शब्द आजाराचं नाव म्हणून कधी आला नव्हता.

मायनं विचारलं, "म्हंजी पोरीत प्रतिकार कमी पडायलाय?"

"कमी न्हाई, माय. जास्त झालाय."

"जास्त असून कुणी खाटंला खिळतंय व्हय गं?"

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते सगळं परत सांगितलं. माय मान हलवत राहिली. ती मान कळलं म्हणून हलली की नाही म्हणून, कोण जाणे. उद्यापासून गोळ्या घेणार. मनापासून नाही, पण घेणार.

२४ जून

स्टँडवर कंट्रोलरच्या खोलीत बसते. गाड्यांच्या वेळा लिहायच्या आणि भोंग्यावर पुकारायच्या. आज निलम्मा आली. म्हातारी, कायम येणारी. तिची लेक भालकीच्या स्टँडवर फुलं विकते. म्हणाली, "अक्का, जाणाऱ्या कंडक्टरला सांग की, लेकीला म्हणावं माय बरी हाय."

"मी सांगावा देत नाही आणि नेत नाही," मी म्हणाले.

"निस्तं बरी हाय म्हणायला काय जायलंय तुझं?"

माझं काय जातं ते तिला कसं सांगायचं! माझे पणजोबा गावचे सांगावे न्यायचे. कुणी मेलं की घुंगराची काठी घेऊन दहा-दहा कोस चालत पाहुण्यांच्या गावी जायचं, दाराबाहेर उभं राहून सांगायचं, शिळी भाकर घेऊन परतायचं. एकदा त्यांना सांगायला लावलं की अमका गेला. पाहुणे ऊर बडवत आले तर अमका ओसरीवर बसून जेवतोय. कुणीतरी भांडणातून केलेली थट्टा होती. मार कुणाला? सांगावा नेणाऱ्याला. छप्पनच्या धम्मदीक्षेनंतरची गोष्ट. घरी येऊन पणजोबांनी ती काठी चुलीत घातली आणि घुंगरं उकिरड्यावर फेकली. तेव्हापासून आमच्या घरातलं कुणी कुणाचा सांगावा नेत नाही. नोकरी लागली त्या दिवशी अप्पांनी हे परत ऐकवलं होतं.

निलम्मा तोंड वाकडं करून गेली. जाऊ दे. ताप नव्याण्णव.

१५ जुलै

कलबुर्गी. प्रथिन तीनशे नव्वद! डॉक्टरीणबाई खूश. ताप आठ दिवस नाही. फोड एकच उरलाय. येताना हुमनाबादला भजी खाल्ली, सावलीत उभं राहून, लांब बाह्यांचा शर्ट, डोक्यावर टोपी, तोंडाला मलम. एक माणूस बघत होता. "शूटिंग हाय का?" म्हणाला. "व्हय, तुमी बाजूला व्हा," म्हणलं.

मायला आकडा सांगितला. ती म्हणाली, "कमी झालं म्हणायलीस. प्रतिकार कमी झाला का?" म्हणलं, "प्रथिन कमी झालं, माय. ते कमी झालेलं चांगलं." तिनं भिंतीवरच्या ओळीकडं बघितलं. उद्यापासून सकाळी उपाशीपोटी कोमट पाणी देणार आहे म्हणे, पोट साफ राहायला. दे बाई.

२८ जुलै

सकाळचं पाणी कडू लागतं. हिवतापाची गोळी कडू, तिची चव जिभेवर राहत असणार.

दुसरी गोष्ट लिहावी की नको? लिहितेच. आज उजाडताना माय मागच्या दारानं गेली. पदराखाली काहीतरी झाकलेलं. मी खिडकीतून बघत होते. जुन्या विहिरीपाशी निंबाचं झाड आहे, तिकडं गेली. त्या निंबाखाली पूर्वी मरीआईचा दगड होता. तो आमच्याच माणसांनी उचलून टाकला, माझ्या जन्माच्या आधी. मग माय तिकडं काय करते?

अप्पांना सांगितलं नाही. सांगितलं तर म्हातारा तीन दिवस जेवणार नाही.

९ ऑगस्ट

ताप एकशे एक. बोटं परत सुजली. सकाळी डबा उघडता आला नाही, दातांनी उघडला. गालावरचा चट्टा परत पेटला. पाणी कडू.

काय चुकलं माझं? उन्हात जात नाही. गोळ्या एकही दिवस चुकवल्या नाहीत. तिखट सोडलं, जागरण सोडलं. स्टँडवर पुकारताना आवाज चिरकतो आणि लोक हसतात. हसा. मी पुकारणं थांबवणार नाही. "भालकी, बीदर, फलाट एक", आज बत्तीस वेळा पुकारलं, मुद्दाम मोजलं.

अंकुशअण्णा खिडकीशी आले. म्हणाले, "बाई, नवा कंडक्टर दिलाय. शिट्टी वाजवतोय का मांजर रडायलंय कळंना झालंय. कवा यायलाव?" म्हणलं, "एक डिसेंबर." ते म्हणाले, "लिहून ठेवू का?" म्हणलं, "ठेवा." तोंडातून निघून गेलं. आता मागं घ्यायचं नाही.

२१ ऑगस्ट

आज राहवलं नाही. माय निंबाकडून आली तशी दारातच अडवली.

"तू मरीआईला जायलीस ना?"

तिचा चेहरा पडला. मी बोलत सुटले. म्हणलं, अप्पांनी एवढं आयुष्य घालवलं, आजोबांनी दगड उचलला, आणि माझ्या आजारानं तू परत तिथं डोकं टेकायलीस? मला लाज वाटायलीय, माय. असंच म्हणाले. शब्द न शब्द लिहिते आहे, कारण आता मला तो खुपतोय.

ती एवढंच म्हणाली, "तुझ्यासाठी जायलेय. बास." आणि पदराखालचं काहीतरी आत नेऊन ठेवलं. थोड्या वेळानं कोमट पाण्याचा तांब्या माझ्यासमोर आला. रागानं एका दमात प्यायले. पाणी कडू. ताप शंभर. डोळे पिवळे दिसतायत असं वाटलं, आरसा जुना आहे म्हणून सोडून दिलं.

२ सप्टेंबर

कलबुर्गीहून परतीच्या गाडीत लिहिते आहे. अक्षर हलतंय, गाडीमुळं.

प्रथिन चारशे नव्वद. पाचशेला दहा कमी. वर लिव्हरचे आकडे दुप्पट. डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला. "आणखी काय घेता?" म्हणलं, काही नाही. "आठवून सांगा." म्हणलं, काही नाही म्हणजे काही नाही, मी खोटं बोलत नाही. मग त्यांनी वही मागितली. मी तापाच्या ओळींवर बोट ठेवून दाखवायला लागले. त्यांना मराठी वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून सांगत होते. ताप, सांधे, फोड, पाणी कडू. ताप, सांधे, पाणी कडू. त्यांनी थांबवलं.

"गोळ्या कधी घेता?"

"रात्री, जेवल्यावर."

"मग पाणी सकाळी का कडू?"

त्या म्हणाल्या, "घरात कुणी काढा देतं का? करोना आला तेव्हापासून घरोघर गुळवेल उकळतात."

"आमच्याकडं नाही. माझी आई काढेबिढे करत नाही. ती फक्त पहाटे निंबापाशी..."

तिथंच थांबले. त्या निंबावर गुळवेल आहे. लहानपणी तिच्या वेलाला लोंबकळून मी दोनदा पडले आहे. करोनात अख्खं गाव तिथून कांडं कापून नेत होतं आणि मायची ठाम समजूत आहे की आमचं घर त्या वेलीनं वाचवलं. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी तिथं मरीआई बघितली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गुळवेल प्रतिकाराला हाका मारते. ज्याचा झोपलाय त्याचं तो बघेल. तुमचा झोपतच नाही. त्यात तुम्ही रोज सकाळी त्याला आणखी हाक मारत होता. आजच बंद." सहा आठवड्यांनी परत बोलावलंय. तोवर उतरलं नाही तर सुई.

३ सप्टेंबर

घरी जाऊन ओरडायचं ठरवलं होतं. ओरडलेच. "माय, तू मला काय पाजायलीस?"

ती चुलीपाशी बसली होती. हातातलं उलथनं खाली ठेवलं. "तूच म्हणलीस की, प्रतिकाराचा आजार. तुझे अप्पा म्हणले, गोळीनं प्रतिकार कमी व्हायलाय. मग मी काय बघत बसू? एकीकडून ते कमी करायलेत, म्हणलं एकीकडून मी भरते."

"मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर पिली असतीस? डॉक्टरचं सोडून मायचं?" मग एकदम तिचा आवाज फुटला. "इख पाजलं का गं मी तुला? सांग की. इख पाजलं का?"

मला राग होता. अजून आहे. पण त्याहून मोठी गोष्ट मला गिळता येत नव्हती, ती अशी की ही बाई रोज पहाटे गुडघे दुखत असताना विहिरीपर्यंत जात होती, आणि मी तिच्यावर मरीआईचा आळ घातला. म्हणलं, "माय, मी तुला मरीआईचं बोलले. चुकले."

तिनं डोळे पुसले. म्हणाली, "त्या दगडापुढं हात जोडायला माझे हात मोकळे हाईत का? कांडं ठेचून ठेचून बोटं हिरवी झालीत."

बोटं खरंच हिरवी होती. मी दीड महिना त्या हातचं जेवत होते.

मग ती उठली, कोयता घेतला आणि मागच्या दारानं निघाली. वेल मुळापासून तोडते म्हणाली. अप्पा मागून धावले, मी त्यांच्या मागून. निंबाखाली अप्पांनी तिचा हात धरला. "सरू, वेलीला कामून मारायलीस? तिनं काय केलं? सांगावा धाडणारं आपलंच घर." 

कोयता खाली आला. तिघेही परतलो. पणजोबांची गोष्ट अप्पांनी मला शंभरदा सांगितली असेल, आज प्रथमच न सांगता सांगितली.

१४ ऑक्टोबर

धम्मदीक्षेच्या दिवशी डॉक्टरीणबाईंची तारीख आली. सकाळी घरी वंदना घेतली, मग कलबुर्गी. प्रथिन तीनशे चाळीस. लिव्हर सरळ. "सुई?" विचारलं. "कशाला?" म्हणाल्या. मी त्यांच्या टेबलावर हात आपटला आणि दुखलाही नाही.

घरी आले तर अप्पांनी भिंतीवरच्या ओळीखाली खडूनं लिहून ठेवलंय : "कुणाविरुद्ध?" माय म्हणाली, "पुसा ते, चांगली ओळ बिघडवली." अप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे चार दिवस." मायनं विचारलं काय लिहिलंय. मी वाचून दाखवलं. तिनं त्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ह्ये मला आधी सांगायचं की."

आता सकाळचं पाणी साधं असतं. पहिले दोन दिवस मी वास घेऊन प्यायले. तिसऱ्या दिवशी तिनं आधी स्वतः घोट घेतला आणि मग तांब्या दिला. त्यानंतर वास घेणं सोडलं.

२७ नोव्हेंबर

दोनशे दहा. कागद मिळाला : ड्युटीस हरकत नाही, ऊन टाळावे, तपासणी चालू ठेवावी.

डेपोतले साहेब वाईट नाहीत. कागद वाचून म्हणाले, "बाई, जन्माचा आजार हाय म्हणायलाव. सावलीत टेबल हाय, पंखा हाय. कामून हट्ट करायलाव?"

म्हणलं, "साहेब, गोळ्या मी सांगावा दाबायला घेते, मला दाबायला नाही."

त्यांना काही कळलं नाही. कन्नडमधून लिहून द्या म्हणाले. मी लिहून दिलं : मला माझ्या गाडीवर जायचं आहे. पुन्हा दुखलं तर पुन्हा औषध घेईन, पुन्हा येईन. खाली सही केली. सही करताना बोट आखडलं नाही, म्हणून नेहमीपेक्षा मोठी केली.

१ डिसेंबर

पहाटे माय डबा घेऊन दारात उभी. टोपी आहे का, मलम लावलं का, गोळ्या घेतल्या का. तिन्हीला व्हय. चट्टा अजून गालावर फिका दिसतो. एका बाईनं बघितलं. मी पण तिच्याकडं बघितलं. तिनं आधी नजर वळवली.

गाडी भरली. शेवटच्या पायरीवर निलम्मा. तिला कुठं जायचं नव्हतं. दांडी धरून उभी राहिली आणि जुनंच म्हणाली, "अक्का, भालकीला लेकीला सांग की, माय बरी हाय."

"मी सांगावा नेत नाही."

"अजून तेच?"

"अजून तेच. लेकीचा नंबर सांग."

तिनं कनवटीतून चुरगळलेला कागद काढला. मी माझा फोन लावून तिच्या कानाशी धरला. पलीकडून आवाज आला तशी म्हातारी घाबरली. माझ्याकडं बघायला लागली, मीच सांगावं म्हणून. मी मान हलवली. म्हणलं, "तुझं तूच सांग. माझ्या घरातलं कुणी तुझ्यासाठी बोलणार नाही."

तिनं दोन्ही हातांनी फोन धरला आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडली, "बरी हाय गं मी! मीच बोलायलेय, मीच! बरी हाय!"

गाडीतल्या बायका हसल्या. निलम्मा पण हसली आणि फोन परत देऊन खाली उतरली.

मी शिट्टी ओठांत धरली. आतल्या बाजूला जुन्या फोडाची खूण जिभेला अजून लागते. दोनदा फुंकली. गाडी हलली. अंकुशअण्णा आरशातून बघत ओरडले, "बाई, कान फुटले की माझे! ऐकायला आलं!"

आलं असेल. मी आणखी दोनदा फुंकली.